बहिष्कार आणि बाबासाहेब

दीक्षा घेतली की घरातले देव जातात, येसकरकी सुटते, मेलेले ढोर ओढणे सुटते. पण आपल्या पिंगळीसारख्या गावात नवदीक्षित घरात एक भीती मागे उरते. उद्या गावाने शेतावर बोलावले नाही, दुकानदाराने मीठ-मिरची दिली नाही, गिरणीवाल्याने दळण नाकारले, तर चूल कशी पेटायची? या भीतीचे उत्तर परमपूज्य बाबासाहेबांच्या जीवनात आहे. म्हणून आज त्यांचे चरित्र या एकाच बाजूने पाहू.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. १९०१ साली ते भाऊ आणि भाच्यांसह साताऱ्याहून वडिलांच्या भेटीला निघाले. मसूर स्टेशनावर मुलांची जात कळताच गाडीवान मिळेना. अखेर एकाला दुप्पट भाडे कबूल केले. तरी गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. खिशात पैसा असूनही तो चालत नाही, हे त्या बालमनाला तेव्हाच कळले.

पुढे १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. ते विद्यापीठ निग्रो लोकांच्या हार्लेम वस्तीला लागून आहे. एवढे शिकून १९१७ साली बडोद्यास नोकरीवर आले, तर राहायला जागा मिळेना. पारशांच्या वसतिगृहातून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मुंबईत त्यांनी शेअर बाजाराचा सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. अर्थशास्त्राच्या पंडिताने आर्थिक बहिष्कार असा आधी अंगावर सोसला आणि मग त्याचा अभ्यास केला. १९२७ साली पाक्षिक काढले तेव्हा त्याचे नावही त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ असेच ठेवले.

त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी आणि हजारो बांधवांनी प्राशन केले. मेलेले ढोर ओढू नये, मृतमांस खाऊ नये, शेती धरावी, असा उपदेशही त्या परिषदेत झाला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली तेव्हा महाडकरांनी दुसरे हत्यार काढले. मंडपाला जागा मिळेना, व्यापारी माल देईनात. शेवटी फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने जागा दिली आणि शिधासामग्री बाहेरून आणावी लागली. तरीही परिषद झाली आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. कारण तयारी आधी केलेली होती. तळ्याचा खटला मात्र चालतच राहिला आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टात जिंकला गेला.

१९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट कमिटी नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. कमिटीने १९३० साली अहवालात रोगाचे मूळ दाखवले. हक्क मागितला की सवर्ण जमीन काढून घेतात, मजुरी बंद करतात, वाट अडवतात, दुकान बंद करतात. ज्याची भाकरी दुसऱ्याच्या हातात, त्याचा हक्कही दुसऱ्याच्या हातात. त्याच वर्षी गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह मागणी केली की बहिष्कार घालणे हाच गुन्हा ठरवावा. ब्रह्मदेशात १९२२ साली झालेल्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार त्यांनी घेतला होता.

पण केवळ कायद्यावर ते विसंबले नाहीत. १९२८ सालीच त्यांनी महार वतनाचे विधेयक मांडले होते. बलुत्याचे चार दाणे आणि वतनाचा तुकडा यांपायी आपला माणूस गावाचा वेठबिगार झाला आहे, हे त्यांनी ओळखले होते. बलुते सोडल्याशिवाय मान वर होत नाही आणि दुसरा रोजगार धरल्याशिवाय बलुते सुटत नाही. ती वतने कायद्याने रद्द झाली १९५८ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर.

संघटित नकार काय करू शकतो ते कुलाबा जिल्ह्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी दाखवले. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे त्यांनी खोतांची जमीन कसली नाही. लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण फूट पडू दिली नाही. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली खोती रद्द करण्याचे विधेयक त्यांनी कायदेमंडळात आणले. १९३९ साली मुंबई इलाख्यात कुळकायदा झाला.

अमेरिकेच्या निग्रोंचा लढाही ते जाणून होते. १९४६ साली त्यांनी निग्रो नेते डू बॉइस यांना पत्र लिहिले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा दिली, तेव्हा तिकडे मॉन्टगोमेरी शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली बसवरचा बहिष्कार चालू होता. काळ्या लोकांना उठून गोऱ्यांना जागा द्यावी लागे. म्हणून ५ डिसेंबर १९५५ पासून त्यांनी बसमध्ये पाय ठेवला नाही. बसचे बहुतेक उतारू तेच होते, म्हणून कंपनीला झळ बसली. लोक पायी चालले, मोटारी वाटून घेतल्या, कोर्टातही भांडले. वर्षभराने ते जिंकले.

यातून आपण काय शिकावे? बहिष्कार दुधारी असतो. ज्याच्या घरात चार दिवसांचे धान्य नाही, त्याने रागाच्या भरात उगारला तर तो त्याच्यावरच उलटतो. आधी मूठभर धान्य विहारात साठवावे, एकमेकांच्या अडचणीला उभे राहावे, मुलांना शिकवावे, गावाबाहेरचा रोजगार शोधावा. १९७८ साली नामांतराच्या प्रश्नावर मराठवाड्यात आपली घरे जळाली, तेव्हा एकट्या पडलेल्या वस्त्यांचे काय हाल झाले हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत मागितलेली गोष्ट आज कायद्यात आली आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा स्पष्टपणे गुन्हा आहे. कोणी दळण नाकारले तर तारीख, वेळ, साक्षीदार लिहून ठेवा आणि चार जण मिळून पोलीस ठाण्यात जा. एकट्याने जाऊ नका.

द्वेषाने नव्हे, प्रज्ञेने आणि एकीने भीती जाते. बाबासाहेबांनी बहिष्कृतांना उभे केले ते असे. जयभीम!