एक्स्प्लेनर : फोटोतून 'एलपी' पुसणारे अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स
फोटोतला नको असलेला खांब आज मोबाइलवर एका टॅपमध्ये गायब होतो. अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स (१९०२-१९८४) हेच काम हाताने करत. शुद्ध छायाचित्रणाचा आग्रह धरणाऱ्या 'एफ/६४' गटाचे ते १९३२ मधील संस्थापक सदस्य. १९४४ मध्ये कॅलिफोर्नियातील लोन पाइनमधून त्यांनी सिएरा नेवाडाचा सूर्योदय टिपला. कुरणात पाठमोरा चरणारा घोडा वळेपर्यंत ते थांबले. मात्र टेकडीवर शाळकरी मुलांनी पांढऱ्या रंगात रंगवलेली 'एलपी' ही गावाची आद्याक्षरं हटणार नव्हती. ती त्यांनी निगेटिव्हवरच पुसली, उरलेल्या खुणा प्रिंटवर झाकल्या. यावरून टीका झाली. पण निसर्गावरचा हा डाग जपायला ते तयार नव्हते. एडिटिंग कुठवर योग्य, हा वाद आजही सुरूच आहे.