घोड्यांच्या मेंदूज्वराचं मूळ शोधणारे कार्ल मेयर

1930 चा उन्हाळा. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सॅन होआकिन खोऱ्यात शेतावरचे घोडे पटापट आजारी पडू लागले. आधी ताप, मग तोल जायचा, घोडा गोल गोल फिरायचा आणि आडवा व्हायचा. सुमारे 6,000 घोड्यांना लागण झाली, त्यातले जवळपास निम्मे दगावले. चाऱ्यातून विषबाधा झाली, असाच संशय होता.

तपासाला आले डॉ. कार्ल मेयर. 1884 साली स्वित्झर्लंडच्या बासेलमध्ये जन्मलेले, शिक्षणाने पशुवैद्य. मेलेल्या घोड्यांचे मेंदू त्यांनी तपासले, पण हाती काही लागेना. उशीर झाला की मेंदूत विषाणू सापडत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. आजार नुकताच सुरू झालेला घोडा हवा होता.

असा घोडा सापडला, पण मालक काही केल्या मारू देईना. मेयर पुढे स्वतः सांगायचे, की त्यांनी मालकाच्या बायकोला 20 डॉलर दिले आणि नवरा झोपला की खूण करायला सांगितलं. रात्री खूण मिळाली. मेयर यांनी घोड्याला मारून त्याचं डोकं प्रयोगशाळेत नेलं. चोरून केलेलं काम, पण त्यातूनच विषाणू हाती आला. 1931 मध्ये हा शोध छापून आला.

विषाणू मिळाल्यावर रक्त तपासणीची वाट खुली झाली. घोड्याच्या रक्तातलं सीरम विषाणूत मिसळून प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना टोचायचं. प्राणी जगला तर समजायचं, या घोड्याला आधी लागण होऊन गेलीय.

हा आजार कीटक पसरवतात आणि माणसालाही होतो, असा मेयर यांचा कयास होता. तो खरा ठरला. 1938 मध्ये त्यांच्याच संस्थेतल्या बीट्रिस हॉविट यांना मेंदूज्वराने गेलेल्या मुलाच्या मेंदूत हाच विषाणू सापडला. 1941 मध्ये तो डासांतही मिळाला. पक्ष्यांकडून डासांत आणि डासांकडून घोड्यात, माणसात, अशी साखळी कळली. घोड्यापासून माणसाला थेट लागण होत नाही, हेही समजलं.

मेयर 1974 मध्ये वारले. आपल्याकडचा जपानी मेंदूज्वरही पक्षी आणि डुकरांतून डासांमार्फतच पसरतो. म्हणून घोडा तापला, अडखळू लागला तर मरायची वाट पाहू नका. पशुवैद्यकाला बोलवा, रक्ताचा नमुना वेळेत जाऊ द्या. त्यातून गावातल्या डासांचाही धोका वेळीच कळू शकतो.