कानातील पाट आणि फॅलोपिअस

संत्र्याच्या बागेला पाणी नेणारा पाट आपल्या ओळखीचा आहे. असाच एक पाट आपल्या कानाच्या हाडातही आहे. त्याला हे नाव देणाऱ्या शरीरशास्त्रज्ञाची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

गॅब्रिएल फॅलोपिअस यांचा जन्म १५२३ साली इटलीतील मोडेना येथे झाला. वडील लवकर वारले, घरची ओढाताण होती. तरीही ते शिकले. १५५१ पासून ते पडुआ विद्यापीठात शिकवू लागले. अंतर्कर्णातील वळणावळणाच्या पोकळ्यांना त्यांनी 'लॅबिरिंथ' म्हणजे भूलभुलैया म्हटले, तर गोगलगायीच्या शंखासारख्या भागाला 'कॉक्लिया'. चेहऱ्याची नस हाडाच्या ज्या अरुंद नळीतून जाते, तिला त्यांनी पाटाची उपमा दिली. १५६१ साली त्यांचा ग्रंथ निघाला. त्यात थोर व्हेसॅलिअस यांच्या चुका त्यांनी आदर राखून दाखवल्या. पुढच्याच वर्षी, चाळिशीही न गाठता, ते वारले.

त्या नळीत नस सुजली तर तोंड वाकडे होते. म्हणून कानाची शस्त्रक्रिया करताना डॉक्टर तिला फार जपतात. नळीला आजही फॅलोपिअस यांचेच नाव आहे. अवघड गोष्टीला ओळखीचे नाव दिले की ती लक्षात राहते, हे मुलांनी त्यांच्याकडून शिकावे.