पंडिता रमाबाई

महाराष्ट्रात पुष्कळ थोर स्त्रिया होऊन गेल्या. पंडिता रमाबाई त्यांपैकी एक. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकात गंगामूळ नावाच्या जंगलात झाला. वडिलांचे नाव अनंतशास्त्री डोंगरे व आईचे नाव लक्ष्मीबाई. त्या काळी बायकांना शिकवत नसत. पण शास्त्रीबुवांनी बायकोला संस्कृत शिकवले. लोक लई रागावले, पण ते ऐकले नाहीत. मग आईने रमाबाईला शिकवले. रमाबाईचे सगळे तोंडपाठ असायचे.

घरचे सगळे पायी तीर्थयात्रा करायचे अन् पुराण सांगून पोट भरायचे. रमाबाई सोळा वर्षांच्या असताना दुष्काळ पडला. माझी आजी ७२ च्या दुष्काळाचे सांगते. तेव्हा तिने लहानपणी खडी फोडली होती अन् सुकडी खाल्ली होती. रमाबाईंनी झाडाचा पाला खाल्ला. आधी वडील वारले, मग आई वारली, मग बहीण वारली. आईला उचलायला माणसे मिळेनात, म्हणून रमाबाईंनी खांदा दिला. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले.

रमाबाई व भाऊ श्रीनिवास चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला गेले. तिथे मोठ्या विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. पण १८८० साली भाऊ गेला. त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या वकिलांशी लग्न केले. दोन वर्षांतच त्यांचे पती पटकीने वारले. मांडीवर मनोरमा नावाची लहान मुलगी होती.

१८८३ साली त्या डॉक्टरीण व्हायला विलायतेला गेल्या. पण त्यांना कमी ऐकू येऊ लागले होते. म्हणून डॉक्टरकी राहिली. तिथे ख्रिस्ती बहिणी होत्या. लोकांनी टाकून दिलेल्या बायकांना त्या जवळ घ्यायच्या, दुखण्यात सेवा करायच्या. येशूने सुद्धा दुःखी माणसांना असेच जवळ घेतले, हे रमाबाईंना पटले. त्यांच्या मनाला धीर आला. त्याच वर्षी त्या ख्रिस्ती झाल्या. इकडे पुष्कळ लोक रागावले. पण रमाबाईंनी आपली श्रद्धा सोडली नाही.

१८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढे पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती सदन काढले. १८९६-९७ साली पुन्हा दुष्काळ पडला. तेव्हा त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या अन् उपाशी पोरींना घेऊन आल्या. आपण पाला खाल्ला होता, ते त्या विसरल्या नव्हत्या. मुक्ती सदनात आंधळ्या बायका सुद्धा शिकायच्या. मुली छापखाना चालवायच्या. १९१२ साली गुलबर्ग्याला मुलींची शाळा निघाली. तेव्हा गुलबर्गा अन् आपली परभणी एकाच निजामाच्या राज्यात होती.

रमाबाई पुढे पुढे फारच बहिऱ्या झाल्या. तरी त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून सगळे बायबल सोप्या मराठीत लिहायला घेतले. खेड्यातल्या बायकांना समजले पाहिजे, असा त्यांचा विचार होता. १९२१ साली मनोरमाबाई पण वारल्या. एकुलती एक मुलगी! रमाबाई स्वतः आजारी होत्या. तरी त्या देवाची प्रार्थना करून बायबलचे कागद तपासत राहिल्या. ते काम पुरे झाले अन् ५ एप्रिल १९२२ रोजी त्या देवाघरी गेल्या.

माझ्या आजीला पण ऐकू येत नाही. आम्ही हसलो की ती गप्प बसते. आता मी हसत नाही. जवळ जाऊन तिच्या कानात सांगतो. हा धडा पण मी तिला असाच वाचून दाखवला. आजी विठ्ठलाचे नाव घेते, रमाबाई येशूचे घेत होत्या. पण दुखण्यात धीर दोघींना मिळाला.

अशा थोर रमाबाईंना माझा नमस्कार.

इयत्ता ४ थी