अदृश्य वर्षावाचे गणित मांडणारे डॉ. होमी भाभा

आमच्या हरसूलला पाऊस नवा नाही. आवणीच्या दिवसांत तो असा कोसळतो, की समोरचा डोंगर दिसत नाही. पण आभाळ कोरडे असतानाही आपल्या डोक्यावर रात्रंदिवस एक अदृश्य वर्षाव चालू असतो, हे मला गेल्या वर्षी भूगोलाच्या तासाला प्रथम समजले. तो वर्षाव विश्वकिरणांचा. त्याचे गणित मांडणाऱ्यांत मुंबईचे डॉ. होमी भाभा होते, हे कळल्यावर मी ग्रंथालयातून त्यांचे चरित्र आणून वाचले.

हवेतून वीज वाहत नाही, असे आपण शाळेत शिकतो. ते पूर्ण खरे नाही. हवेत धन व ऋण भाराचे सूक्ष्म कण, म्हणजे आयन, नेहमीच असतात. जमिनीलगत ते मुख्यतः माती-खडकांतील किरणोत्सर्गामुळे आणि रेडॉन वायूमुळे तयार होतात. मग उंच जावे तसे ते कमी व्हायला हवेत. परंतु १९१२ साली व्हिक्टर हेस हे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ फुग्यातून पाच किलोमीटरहून उंच गेले, तेव्हा तेथे आयन अधिक वेगाने तयार होताना आढळले. म्हणजे काही किरण आकाशातूनच येत होते.

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सधन पारशी कुटुंबात झाला. घरात पुस्तके होती, संगीताच्या तबकड्या होत्या. १९२७ मध्ये ते अभियांत्रिकी शिकण्यासाठी केंब्रिजला गेले. मुलाने परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, ही वडिलांची इच्छा. होमींचे मन मात्र भौतिकशास्त्राकडे ओढले. त्यांनी तसे वडिलांना पत्राने कळवले. वडिलांनी अट घातली, की आधी अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळवावा, मग हवे ते शिकावे. १९३० मध्ये मुलाने पहिला वर्ग मिळवला आणि वडिलांनी शब्द पाळला.

१९३७ मध्ये भाभा आणि हाइटलर यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा उलगडा केला. एक अतिवेगवान इलेक्ट्रॉन हवेत शिरला, की त्यातून प्रकाशकण निघतात, प्रकाशकणांतून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या आणि त्यांतून पुन्हा प्रकाशकण. एका दाण्याचे कणीस व्हावे, तसे एकाचे अनेक होतात.

१९३९ मध्ये ते सुट्टीवर भारतात आले आणि महायुद्ध सुरू झाल्याने येथेच राहिले. बंगळूरला त्यांनी विश्वकिरणांवर संशोधन चालू ठेवले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. १९४८ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. १९५६ मध्ये तुर्भ्याला ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे, की हा शास्त्रज्ञ स्वतः चित्रे काढीत असे. आपल्या संस्थेसाठी त्यांनी हुसेन, गायतोंडे यांच्यासारख्या चित्रकारांची चित्रे घेतली. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर झालेल्या विमान अपघातात त्यांचा अंत झाला.

त्यांच्या घरची आणि माझ्या घरची तुलनाच नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचणारा मी पहिलाच. बा नागली-वरईची शेती करतो, शेती नसते तेव्हा नाशिककडे मजुरीला जातो. मी आता पोलीस भरतीची तयारी करावी, असे त्याला वाटते. त्याचे चुकत नाही; मागे दोन बहिणी शिकायच्या आहेत. मला मात्र भूगोल घेऊन एम. ए. करायचे आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी बाला ही पत्राची हकीकत सांगितली. अणू आणि आयन त्याला कळले नसतील, पण अट नेमकी कळली. बराच वेळ तो चुलीतला जाळ सारीत बसला. मग म्हणाला, की यंदा पहिला वर्ग आण, मग बघू. होमींनी आपली अट पुरी केली. माझी परीक्षा एप्रिलमध्ये आहे.

(द्वितीय वर्ष कला)