लॉर्ड फॉकलंड

इंग्लंडांतील बर्फर्ड गांवीं इ. स. १६१० च्या सुमारास लूशियस केरी याचा जन्म झाला. पिता आयर्लंडचा राजप्रतिनिधि असल्यामुळें त्याचें शिक्षण डब्लिन येथें झालें. मातामहाची मोठी जहागीर त्याला लहानपणींच मिळाली. हुंडा न आणणाऱ्या कन्येशीं त्यानें विवाह केला, म्हणून पिता रुष्ट झाला. त्या पित्यामागून १६३३ मध्यें तो लॉर्ड फॉकलंड झाला.

ग्रीक भाषा अवगत होईपर्यंत लंडनचें तोंड पाहावयाचें नाहीं, असा निश्चय करणारा हा तरुण होता! ग्रेट ट्यू येथील त्याच्या वाड्यांत ऑक्सफर्डचे विद्वान् येत, ग्रंथालयांत वाचीत बसत; कोण आले आहेत हें यजमानास भोजनाचे वेळींच कळे.

चार्ल्स राजानें अकरा वर्षें पार्लमेंटशिवाय राज्य केलें होतें. १६४० मध्यें पार्लमेंट भरतांच फॉकलंडनें राजाच्या बेकायदा करास मान्यता देणाऱ्या न्यायाधीशांवर कडक टीका केली. परंतु पुढें पार्लमेंटचे पुढारीहि मर्यादा सोडीत आहेत असें त्यास वाटूं लागलें. नोव्हेंबर १६४१ मध्यें राजाविरुद्धचें मोठें गाऱ्हाणें १५९ विरुद्ध १४८ मतांनीं संमत झालें. त्याचें मत विरुद्ध पडलें. जुने सोबती दुरावले.

जानेवारी १६४२ मध्यें राजानें त्यास मंत्री नेमलें. त्याच महिन्यांत, त्याला न विचारतां, राजा पांच सभासदांना पकडण्यासाठीं शस्त्रधारी शिपाई घेऊन सभागृहावर गेला. तेव्हांच त्यानें पद कां सोडलें नाहीं, हा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. पडत्या पक्षास सोडणें त्याला हीनपणाचें वाटलें असावें. मंत्री असूनहि हेर ठेवणें आणि परक्यांचीं पत्रें फोडणें या दोन गोष्टी त्यानें कधींच केल्या नाहींत.

युद्ध पेटलें आणि त्याचा आनंदी स्वभाव पार पालटला. नीटनेटका फॉकलंड पोषाखाविषयीं बेफिकीर झाला. मित्रांत बसला असतां मध्येंच सुस्कारा टाकून शांतता, शांतता असें पुटपुटे. २० सप्टेंबर १६४३ रोजीं न्यूबरी येथें लढाई होती. त्या सकाळीं मात्र त्यानें स्वच्छ सदरा घातला. लढणें हें मंत्र्याचें काम नव्हे. तरी तो आपखुषीनें बायरनच्या घोडदळांत गेला. कुंपणांतील एका खिंडीवर गोळ्यांचा वर्षाव होत होता. तींतून त्यानें घोडा घातला आणि तो तेथेंच पडला. वय अवघें तेहतीस वर्षांचें.

दुसऱ्या दिवशीं प्रेत सांपडलें. तें ग्रेट ट्यू येथें पुरलें. थडग्यावर खूण केली नाहीं. त्याचा मित्र एडवर्ड हाइड यानें मात्र आपल्या इतिहासांत त्याचें चरित्र मोठ्या मायेनें लिहिलें, आणि १८७८ मध्यें न्यूबरीकरांनीं रणभूमीजवळ त्याचा स्मारकस्तंभ उभारला.