बाळू पालवणकर : मैदानावर आमंत्रण, पंगतीत मज्जाव

भारतीय क्रिकेटच्या पहिल्या पिढीतील सर्वांत मोठा गोलंदाज म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या बाळू पालवणकर यांना हयातीत कधीही हिंदू संघाचे अधिकृत कर्णधारपद मिळाले नाही. त्यांच्या डाव्या हाताची फिरकी सर्वांना हवी होती. युरोपीय साहेबांना ती सरावासाठी हवी होती, पुण्याच्या हिंदूंना साहेबांचा पराभव करण्यासाठी, मुंबईच्या जिमखान्याला प्रतिष्ठेसाठी आणि रेल्वे कंपनीला आपल्या संघासाठी. मात्र ज्या संस्थांनी त्यांना मोठ्या आस्थेने बोलावून घेतले, त्यांपैकी अनेकांनी त्यांच्यासाठी मैदानाचे दार उघडताना पंगतीचे दार बंद ठेवले. बाळूंचे चरित्र हे एका श्रेष्ठ खेळाडूचे चरित्र आहे, तसेच गुणांची पारख आणि माणसाचा सन्मान या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणाऱ्या समाजाचेही ते चित्र आहे.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. कोकणातील पालवण हे त्यांचे मूळ गाव आणि त्यावरूनच पालवणकर हे आडनाव आले. वडिलांची नोकरी लष्कराशी निगडित असल्याने कुटुंब पुण्यात स्थिरावले. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट आणि चेंडूंवर बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम क्रिकेट शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोन भाऊही या खेळात उतरले. एकाच घरातील चार भावांनी वरच्या दर्जाचे क्रिकेट खेळावे, ही त्या काळात कोणत्याही समाजासाठी असामान्य गोष्ट होती. ज्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरण्याचीही मोकळीक नव्हती, अशा समाजातून ती घडावी याचे मोल अधिक आहे.

घरच्या परिस्थितीमुळे शिक्षण अर्धवट सोडून बाळूंनी पारशी खेळाडूंच्या एका क्लबमध्ये नोकरी धरली. खेळपट्टी झाडणे आणि तिच्यावर रोलर फिरवणे हे त्यांचे काम, तर महिन्याचा पगार ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपीयांच्या पूना क्लबमध्ये ४ रुपये पगारावर रुजू झाले. तेथे खेळपट्टी आखणे, सरावाच्या जाळ्या लावणे आणि फावल्या वेळी साहेबांना चेंडू टाकणे अशी कामे त्यांच्याकडे होती. त्यांच्या गोलंदाजीतील वेगळेपण तेथील काही सदस्यांच्या ध्यानी आले. हॅम्पशायरकडून खेळलेले कॅप्टन ग्रेग हे त्या काळी भारतातील अव्वल युरोपीय फलंदाज होते. सामन्याच्या आधी तासभर लवकर मैदानावर येऊन ते बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. प्रत्येक वेळी बाद केल्याबद्दल ग्रेग बाळूंना आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. अशा सरावातून बाळूंचा टप्पा अचूक झाला आणि चेंडूची उंची, वेग व दिशा बदलण्याची कला त्यांना साधली.

एक गोष्ट मात्र पूना क्लबने बाळूंना दिली नाही, ती म्हणजे बॅट. फलंदाजी हा साहेबांचा मान आणि गोलंदाजीचे कष्ट नोकराचे, अशी तेथील विभागणी होती. वर्णभेदाची ही रेघ ओलांडण्याची मुभा हजारो चेंडू टाकूनही बाळूंना मिळाली नाही.

पुण्याच्या हिंदू खेळाडूंना पूना क्लबवर विजय मिळवायचा होता. त्यासाठी बाळूंना संघात घ्यावे की नाही, यावर मोठा वाद झाला. संघातील काही तेलुगू सदस्य त्यांच्या बाजूने होते, तर काही ब्राह्मण सदस्यांचा विरोध होता. अखेर विजयाची ओढ सोवळ्यावर मात करून गेली आणि बाळू संघात आले. तडजोड मात्र विचित्र होती. ज्या चेंडूला बाळूंचा हात लागला, तोच चेंडू सवर्ण सहकारी निःसंकोचपणे झेलत. चहापानाची वेळ झाली, की बाळूंना तंबूबाहेर वेगळा चहा दिला जाई आणि तोही टाकून देता येईल अशा मातीच्या भांड्यात. जेवणासाठी त्यांचे पान वेगळे असे. तोंड धुण्यासाठी पाणी हवे झाल्यास दलित समाजातीलच एखादा नोकर कोपऱ्यात ते आणून देई.

विजय मिळू लागले तसतसे हे नियम सैल झाले. बाळूंच्या गोलंदाजीने पुण्याच्या हिंदूंनी युरोपीय संघाला नमवले. साताऱ्याच्या युरोपीय संघाविरुद्धही त्यांनी ७ बळी घेऊन विजय मिळवून दिला. पुण्यातील सत्कार समारंभात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा गौरव केला. मैदानावर एकत्र खेळणारे मैदानाबाहेर एकत्र का बसू शकत नाहीत, हा प्रश्न त्यानिमित्ताने पुण्याच्या सार्वजनिक जीवनात उघडपणे विचारला गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लेगच्या धामधुमीत, बाळू मुंबईला आले. तेथील परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशाला काही सदस्यांनी विरोध केला, मात्र संघनायक कीर्तिकर यांच्या आग्रहापुढे तो टिकला नाही. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने त्यांना नोकरी दिली आणि आपल्या संघातही घेतले. खेळाच्या बळावर मिळालेली नोकरी हा गरीब घरातील खेळाडूचा सर्वांत मोठा आधार असतो. रेल्वेची ही परंपरा आजही टिकून आहे. रायपूर स्थानकालगतच्या गुढियारीसारख्या वस्तीतील एखाद्या मुलालाही खेळाडूंसाठी राखीव जागांतून रेल्वेत जाण्याची वाट मोकळी आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी त्या वाटेवरून चाललेल्या पहिल्या काही खेळाडूंत बाळूंची गणना करावी लागेल.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपीय संघांतील सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, तर युरोपीय संघ १९१ आणि १०२ धावांत बाद झाला. या १०९ धावांच्या विजयात बाळूंची गोलंदाजी निर्णायक ठरली. शिवरामही त्या संघात होते. रशियावर जपानने मिळवलेल्या विजयाच्या आणि स्वदेशी चळवळीच्या त्या दिवसांत हा निकाल केवळ खेळाचा राहिला नाही. हिंदू जिमखान्यात आता चर्मकार बंधू इतर खेळाडूंसोबत जेवू लागले होते, याची दखल समाजसुधारकांच्या वृत्तपत्राने आवर्जून घेतली. पुण्यात वेगळे पान आणि मुंबईत एक पंगत, एवढे अंतर कापायला सुमारे दहा वर्षे आणि अनेक विजय लागले होते.

१९११ साली पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. दौरा संघासाठी निराशाजनक ठरला. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी केवळ २ जिंकता आले. महाराजांनी मोजकेच सामने खेळून बराच वेळ राजघराण्यांच्या भेटीगाठींत घालवला. पस्तिशीतील बाळू मात्र खांदा दुखत असतानाही टिच्चून गोलंदाजी करीत राहिले. सर्व सामने मिळून त्यांनी ११४ बळी घेतले. लेस्टरशायरविरुद्धच्या विजयात त्यांनी सामन्यात ११ बळी टिपले, तर सॉमरसेटविरुद्धच्या विजयात शिवराम यांची फलंदाजी मोलाची ठरली. मायदेशी परतल्यावर दलित समाजाने मुंबईत बाळूंचा सत्कार केला. त्या समारंभाशी तरुण भीमराव आंबेडकर निगडित होते, असे क्रिकेटच्या इतिहासकारांनी नमूद केले आहे. शिकण्याच्या वयातील आंबेडकरांसाठी बाळू हे आपल्या समाजाचे जगन्मान्य नाव होते.

१९१२ पासून मुस्लिम संघाच्या समावेशाने मुंबईची स्पर्धा चौरंगी झाली. अनुभव, कामगिरी आणि खेळाची जाण या तिन्ही कसोट्यांवर हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंकडे जाणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात दरवर्षी मागणी होई आणि दरवर्षी दुसऱ्याच खेळाडूची निवड होई. १९१३ मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी हा मान खरे तर बाळूंचा होता, असे सत्कार समारंभात मोकळेपणाने मान्य केले. निवड समितीवर त्याचा परिणाम झाला नाही.

अशी वागणूक केवळ भारतापुरती मर्यादित नाही. अमेरिकन सामोआ या प्रशांत महासागरातील बेटसमूहाची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार ५० हजारांहूनही कमी आहे. तरीही अमेरिकी विद्यापीठांचे फुटबॉल प्रशिक्षक खेळाडू हेरण्यासाठी तेथे पोहोचतात. हवाई बेटांवर आणि युटा राज्यातील टोंगन व सामोअन वसाहतींतही त्यांचा शोध चालतो. शिष्यवृत्ती मिळालेल्या या पॉलिनेशियन तरुणांकडे दीर्घकाळ बलदंड शरीर म्हणूनच पाहिले गेले. त्यांना प्रामुख्याने धक्के देणाऱ्या आणि झेलणाऱ्या फळीत स्थान मिळे. डावपेच ठरवणारी क्वार्टरबॅकची जागा क्वचितच वाट्याला येई. १९७० च्या दशकात जॅक थॉम्पसन यांच्यासारख्या मोजक्या खेळाडूंनी ती मिळवली. २०१४ साली सामोअन वंशाच्या मार्कस मारिओटा या क्वार्टरबॅकने महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वोच्च हाइजमन पुरस्कार पटकावला. बाहू स्वीकारावेत आणि बुद्धीवर मात्र शंका घ्यावी, ही वृत्ती बाळूंच्या कर्णधारपदाच्या प्रश्नातही होती.

१९२० सालच्या स्पर्धेत हा प्रश्न चिघळला. बाळूंना संघातून वगळण्यात आले. विठ्ठल यांचा नेतृत्वाचा दावा डावलून दि. ब. देवधर यांना पसंती देण्यात आली. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी स्पर्धेतून माघार घेतली आणि जातीच्या कारणाने झालेला हा अन्याय जाहीर निवेदनाद्वारे लोकांसमोर मांडला. आजवर मिळेल ते स्वीकारणाऱ्या पालवणकर बंधूंनी दिलेला हा पहिला उघड नकार होता. पारशी संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी तडजोड झाली. बंधू परतले आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. पै मैदानाबाहेर गेले असता काही काळ संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. दोन दशकांच्या सेवेनंतर त्यांच्या वाट्याला आलेले नेतृत्व एवढेच होते. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल यांना कर्णधारपद मिळाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी ती स्पर्धा जिंकली. थोरल्याला नाकारलेला मान धाकट्याने मिळवला. हा सारा प्रवास विठ्ठल यांनी पुढे आपल्या मराठी आत्मचरित्रात नोंदवून ठेवला.

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी सुमारे १५ धावा, ही बाळूंची कामगिरी आहे. भारताने पहिली कसोटी खेळली ती १९३२ मध्ये, तेव्हा ते पन्नाशी ओलांडून गेले होते.

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात उतरले. येथे त्यांची वाट आंबेडकरांहून निराळी होती. स्वतंत्र मतदारसंघांना त्यांचा विरोध होता आणि सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही स्वाक्षरी आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५, तर बाळूंना ११,२२५ मते मिळाली. काँग्रेसने त्यांची निवड केली तीही जिंकण्याच्या गरजेपोटीच होती, असे म्हणता येईल. तरीही बाळूंची भूमिका उसनी नव्हती. संघाबरोबर राहूनच पंगतीतील जागा मिळवता येते, असा अनुभव त्यांनी मैदानावर घेतला होता. ही जागा उपकार म्हणून नव्हे तर हक्क म्हणून हवी, हा आंबेडकरांचा आग्रह होता. एकाच जखमेवरचे हे दोन उपाय होते.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू पालवणकर यांचे निधन झाले. मातीच्या भांड्यातील चहापासून एका पंगतीपर्यंतचे अंतर त्यांनी आपल्या गोलंदाजीने कापले. पंगतीपासून नेतृत्वापर्यंतचे अंतर मात्र केवळ बळी घेऊन कापता आले नाही. त्यासाठी विठ्ठल आणि शिवराम यांना एकदा खेळण्यास नकार द्यावा लागला.